वैशालीनं सकाळी परत पाठवलेला टँकर

वैशाली गेली तेव्हा ड्युटीवर नव्हती, म्हणून तिचं मरण कोणाच्याच खात्यात नाही.

आज वर्ष झालं.

सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर तिचे हेल्मेट घातलेले फोटो फिरतायत. 'सेफ्टीची वाघीण' आणि काय काय. हात जोडलेले इमोजी.

मला ते बघवत नाहीये. म्हणून जे झालं ते लिहितो.

ज्यांना ती माहीत नव्हती त्यांच्यासाठी: वैशाली म्हात्रे. अंबरनाथला आमच्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. पालेगावची सून. मी तिथंच डिस्पॅचला.

माल भरायच्या आधी प्रत्येक टँकर तपासायचा, हे तिचं काम. ब्रेक, टायर, वॉल्व्ह, सगळं. ती ओके म्हणाली की मगच मी गाडी आत घ्यायची.

आमचं रोज वाजायचं. मला गाडी लवकर सोडायची घाई, आणि ही टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलेली. मी कितीही कटकट केली तरी ती तपासणी अर्धवट सोडायची नाही.

त्या शनिवारी नायट्रिक ॲसिड न्यायला टँकर आला. ड्रायव्हर शिवपूजन. वयस्कर माणूस, आमच्याकडे नेहमी यायचा.

वैशालीनं मागचा वॉल्व्ह बघितला. गळती अडवणारी गॅस्केट गेलेली, बोल्ट गंजून निम्मे झालेले. गाडी रिजेक्ट.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. पार्टीला माल आजच हवाय, दुसरी गाडी मिळत नाहीये, बोल्ट आवळा आणि सोडा, असं त्यांचं म्हणणं.

ती शांतपणे म्हणाली, "मग सर, गाडी ओके आहे असं तुम्ही लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं नाही. वर तिलाच ऐकवलं, की तू प्रॅक्टिकल नाहीस.

टँकर रिकामा बाहेर गेला. मला वाटलं, विषय संपला.

ट्रान्सपोर्टवाल्यानं तीच गाडी, त्याच वॉल्व्हसकट, जवळच्याच दुसऱ्या कंपनीत लावली. तिथं कोणी खाली वाकून बघितलं नाही. दुपारी ॲसिड भरून गाडी बदलापूरकडे निघालीसुद्धा.

शनिवारी आमचा हाफ डे. संध्याकाळी वैशालीच्या पुतण्याची हळद होती. ती स्कूटीवरून बदलापुरात कात्रपला टेलरकडे ब्लाऊज आणायला निघाली होती.

रस्त्याच्या कडेला तोच टँकर उभा. मागून तांबूस-पिवळा धूर. लोक मोबाईलवर शूट करतायत. आणि शिवपूजन तोंडाला ओला गमछा बांधून वॉल्व्ह आवळायला बसलेला.

तिनं लोकांना मागे हटवलं. फायर ब्रिगेडला फोन करून आत काय आहे ते सांगितलं. मग मला फोन: "ब्रीदिंग सेट घेऊन ये. पळत ये."

मी गाड्यांच्या कामासाठी कंपनीत मागे थांबलो होतो. मास्क-सिलिंडरचा तो सेट उचलला. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. कंपनीचं सामान बाहेर न्यायचं तर साहेबांची परमिशन लागते. साहेब मीटिंगमध्ये. मी गेटवर भांडतोय, साहेबांना फोन लावतोय, फोन वाजून वाजून बंद होतोय.

परमिशन मिळून मी पोचलो तोवर फायर ब्रिगेड आली होती. वैशाली रस्त्याच्या पलीकडे खोकत बसली होती.

माझी वाट बघायला तिला वेळच मिळाला नव्हता. शिवपूजन धुरात कोसळला, तशी ती तोंडावर ओढणी धरून आत शिरली आणि बखोटीला धरून त्याला बाहेर ओढलं. शूटिंग करणारे शूटिंगच करत होते. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. लाईकही केला असेल.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा शिवपूजन म्हणायला लागला, मला आता बरं वाटतंय, मी घरी जातो.

ती त्याच्यावर ओरडली. "चाचा, आज ठीक लगेगा, कल साँस नहीं आएगी. ॲडमिट होना पड़ेगा."

त्याला उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये पाठवूनच ती स्वस्थ झाली.

मी म्हटलं, तूपण जा.

"मना काय नाय झालं," ती म्हणाली. दमली की ती अशी घरच्यासारखी आगरी बोलायची. "हळद उरकली की दाखवते."

नितीन, तिचा नवरा, सांगतो की हळदीत ती सगळ्यांना वाढत फिरत होती. मधेमधे खोकायची. विचारलं तर म्हणायची, धूळ गेली घशात.

सकाळी तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटलला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलंय.

दुपारी गेली. दारात मांडव तसाच होता.

आणि मग सुरू झालं.

आमची कंपनी म्हणाली, ड्युटी संपली होती, गाडी आमची नव्हती, घटना गेटबाहेरची. दुसरी कंपनी म्हणाली, आमच्याकडून गाडी व्यवस्थित गेली. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, ड्रायव्हरची चूक.

नितीन सगळीकडे एकच प्रश्न घेऊन फिरला. तिनं सकाळी परत पाठवलेली गाडी दुपारी भरली कशी?

वर्षभर त्याला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. उत्तर कोणी दिलं नाही.

शिवपूजन वाचला. हॉस्पिटलमध्ये त्याचेही हाल झाले, पण तिथं ऑक्सिजन होता, डॉक्टर होते. आज सकाळी तो पालेगावला आला होता. नितीनच्या आईनं त्याला चहा दिला. त्यानं कप न पिताच खाली ठेवला.

मग म्हणाला, "मुझे तो भेज दिया अस्पताल. खुद क्यों नहीं आई बिटिया?"



वैशाली, माझा साहेबांवर राग आहे. त्या दुसऱ्या कंपनीच्या गेटवर आहे. मोबाईल वर करून उभ्या राहिलेल्या त्या सगळ्यांवर आहे.

पण सगळ्यात जास्त तुझ्यावर आहे. तुला माहीत होतं गं. तुझ्याइतकं तिथं कोणालाच माहीत नव्हतं. त्याच ॲम्ब्युलन्समध्ये बसली असतीस तर आज तुझ्याशी भांडलो असतो.

हळद तुझ्यावाचून झाली असती.

जड मनानं निरोप, मैत्रिणी.