वहिनीचा उजवा हात

वहिनी गेल्याची तार आली तेव्हा मी अमरावतीला शाळेत निघाले होते. साधा ताप, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरून अकोल्याला पोचले, तोवर भाऊ स्मशानातून परतला होता. तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही... आणि दोन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते राहिलंच.

पाळी गेली तेव्हा "सुटली मी, बापा!" म्हणून ती हसली होती. पण वर्षभरात अंग धरलं. कंबर, गुडघे, आणि सगळ्यांत वाईट तो उजवा खांदा. स्वतःचा अंबाडा घालता येईना. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, आराम करा. घरातल्यांनी मायेनं भाकरीची परात काढून घेतली, आणि दिवसभर राबणारी ही बाई भिंतीला टेकून बसून राहू लागली.

मी मुलींना कवायत शिकवणारी. वाटलं, हिला मीच बरी करीन. दिवाळीत गेले आणि तिला अंगणात उभं केलं. "हात वर, वहिनी. अजून वर."

"थांब कुसुम. नाही म्हणते तो हात."

"दुखण्याचे लाड करू नको," म्हणत मी मागून तिचा दंड धरला आणि ओढला... ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. महिनाभर तिचा हात गळ्यात बांधलेला होता. मी माफी मागितली नाही. नंतर तर अकोल्याला जाणंच टाळत राहिले.

तेराव्यानंतर तिची सून मला धान्याच्या खोलीत घेऊन गेली. चुन्याच्या भिंतीवर तेलकट बोटांचे ठसे होते, कमरेपासून वर वर चढत गेलेले.

"आई रोज सकाळी खांद्याले जवसाचं तेल लावून इथं उभ्या राहत," ती म्हणाली. "डोळे मिटून भिंतीवरून बोटं चालवत. हात थांब म्हणला का थांबत, श्वास सोडत. म्हणत, याले विचारलं नाही तं हा रुसते."

"आणि अंबाडा?"

"सहा महिने झाले, आपल्याच हातानं घालत."

"मग मला कळवलं का नाही गं?"

"म्हणत, कुसुम येईन तवा दाखवीन तिले."

सून बाहेर गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. यंदा माझीही पाळी थांबली आहे, सकाळी खांदा धरतो. सर्वांत खालच्या ठशावर बोटं टेकवली, डोळे मिटले, आणि मागून कोणीतरी दंड ओढेल म्हणून सगळं अंग आखडलं... कोणी ओढला नाही. बऱ्याच वेळानं श्वास सुटला, तेव्हा मी एक बोट वर सरकवलं.