मी मारलेली कानस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हासुद्धा हात जोडून भलतंच काहीतरी मागून आलो. आता तुम्ही समोर बसला आहात, घाई नाही म्हणता — तर सांगतो. पण मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल. सवय नाही ना.

मी लोणावळ्यात विजेच्या एका कारखान्यात फिटर होतो. कारखाना म्हणजे काय — पत्र्याची मोठी शेड, एक भट्टी, जड वस्तू उचलायची एक क्रेन, आणि घाटातल्या वीजघरांतून दुरुस्तीला आलेले ट्रान्सफॉर्मर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी तेव्हा चौतीस-पस्तीसचा. आणि माझी कानस — आता सांगायला लाज वाटते — पण माझ्या कानशीचं नाव होतं. मी लोखंड घासलं की त्यात तोंड दिसतं, असं लोक म्हणायचे. ते म्हणायचे आणि मी ऐकायचो. ऐकायला मला भारी आवडायचं.

ट्रान्सफॉर्मरच्या पोटात काय असतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचंच नाही. तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात, आणि त्यांच्या मधून जातो तो लोखंडाचा कोअर. बघणाऱ्याला वाटतं, भरीव खांब आहे. तो भरीव नसतो. पातळ पातळ पत्रे, शेकड्यांनी, एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकाला वार्निशचा हात दिलेला असतो. का? कारण भरीव लोखंड ठेवलं तर वीज त्याच्या अंगातच गरगर फिरत बसते आणि ते तापतं. पत्र्याला पत्रा उघडा भेटता कामा नये, एवढाच सगळा खेळ. शिवाय ते लोखंड नाजूक. हो, नाजूक! भट्टीत तापवून सावकाश निववलेलं असतं ते. हातातून पडलं, वाकलं, हातोडी बसली, की त्याचा गुण गेला. दोन्ही कडांना धरून उचलायचं, घामेजलेली बोटं मधे लावायची नाहीत.

हे सगळं मला आबांनी शिकवलं. आबा आमचे हेडमिस्त्री. जिभेला हाड नसलेला माणूस, पण हात सोन्याचा. "कोअरपाशी कानस दिसली तर मनगट काढून तुझ्याच हातात देईन," म्हणायचे. कारण रचलेल्या पत्र्यांच्या कडेवर कानस मारली की ती लोखंड ओढते. एका पत्र्याचं लोखंड शेजारच्यावर चढतं, मधलं वार्निश ओलांडून. वरून बघावं तर काय सुंदर, गुळगुळीत! आणि कडेला सगळे पत्रे एकमेकांना भेटलेले. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी ते विसरायला बघीन.

वार्निशचं काम सोनामावशीकडं होतं. सोनाबाई बेडसे गावची, पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटकुळी. नवरा गेलेला. मुलगा गावी भातशेती बघायचा आणि ही आठवडाभर लोणावळ्यात बहिणीकडं राहून कामाला यायची. सगळ्या शेडमध्ये बाई माणूस ही एकटी. मुळात तिला झाडलोटीला घेतलं होतं. एकदा वार्निशवाला आजारी पडला, आबांनी तिच्या हातात ब्रश दिला, आणि मग तो पुन्हा दुसऱ्या कुणाकडं गेला नाही. पत्र्याला हात देऊन झाला, वाळला, की ती तो खिडकीच्या उजेडाला धरायची आणि मान तिरपी करून बघायची — कुठं उघडं राहिलंय का. राहिलेलं नसायचंच. तरी प्रत्येक पत्रा बघायची.

माझी थट्टा करायचा मान तिचा. "भाऊ, ती कानस ठिवा की वो खाली जरा. जेवताना बी मांडीवर घेऊन बसता का काय?" सगळी शेड हसायची आणि मीही हसायचो. सोमवारी गावाहून परत येताना ती माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणायची, कारण एकदा मी ती आवडते म्हणालो होतो. एकदाच म्हणालो होतो. तिनं लक्षात ठेवलं.

त्या दिवाळीला आबा निवृत्त झाले आणि कोअर रचायचं काम माझ्याकडं आलं. पहिलाच मोठा ट्रान्सफॉर्मर खंडाळ्याच्या वीजघराचा. आठ दिवस खपून मी पत्रे रचले, बोल्ट आवळले. उद्या मुंबईचे मोठे साहेब कारखाना बघायला येणार, आणि माझ्या ध्यानात आलं की एका बाजूची कड किंचित वरखाली झाली आहे. किंचित म्हणजे — केसभर. बोटाला लागेल, डोळ्याला नाही. खरं तर बोल्ट सैल करून लाकडी ठोकळ्यानं पत्रे सारखे करायचे. नाहीतर तसंच सोडून द्यायचं! केसभर कड पुढं असल्यानं काही एक बिघडत नाही. तो कोअर तेलात बुडणार होता, कोण बघणार होतं त्याला?

मोठे साहेब बघणार होते. एवढंच. दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर झाडाखाली भाकऱ्यांची फडकी सोडून बसले, आणि मी कानस काढली.

फार वेळ लागला नाही. कड अशी झाली की बोट घसरावं. वर काळं वार्निश फासलं आणि हात धुऊन जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! घरी जाताना मी पेढे नेले.

ट्रान्सफॉर्मर खंडाळ्याला बसला आणि पंधरवड्याच्या आत निरोप आला — घुमतोय फार, टाकीला हात लाववत नाही, तेलाला जळका वास येतोय. परत आणला. उघडायचं काम अर्थातच माझं. क्रेननं कोअर वर काढला, गडी दुसऱ्या कामाला गेले आणि मी एकटा राहिलो. तेल निथळल्यावर बघतो तर — जिथं कानस मारली होती, बरोबर तिथंच — निळाकाळा डाग. दहा-बारा पत्रे कडेला चिकटून एक झालेले. बाकीचा कोअर स्वच्छ. मावशीचं वार्निश जसंच्या तसं, मधाच्या रंगाचं.

इथं मी थांबतो. मनाशी ही गोष्ट आठवतानाही इथंच थांबतो आणि दुसरं काहीतरी काम काढतो. पण आज सांगायचं ठरवलंय.

मी छिन्नी घेतली आणि ते पत्रे सोडवले. डाग खरवडून काढला. मग — हे बघा, हे मी केलं — चांगल्या पत्र्यांपैकी आठ-दहा घेतले आणि त्यांचंही वार्निश जागोजागी खरवडलं. मग साहेबांच्या खोलीत गेलो.

आमचे साहेब पुण्याचे, शांत माणूस. ते ओरडले असते तर मी म्हटलं असतं, घाबरलो. ते ओरडले नाहीत. चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "काय निघालं, मिस्त्री?" मी जर म्हटलं असतं, साहेब, माझा हात चुकला, तर काय झालं असतं? चार शब्द बोलले असते. फार तर कोअर दुसऱ्याकडं दिला असता. नोकरी गेली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "वार्निश पातळ बसलंय, साहेब. जागोजागी उघडं राहिलंय."

त्यांना पटेना. "सोनाबाईचं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तेव्हा मी आणखी एक वाक्य बोललो. ते कुणी मागितलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं — "वय झालं तिचं. नजर कमी झाली असेल."

साहेबांनी तिला बोलावून घेतलं, खरवडलेले पत्रे दाखवले, मी काय म्हणतो तेही सांगितलं. ती पदराला हात पुसत उभी होती. म्हणाली, "माजा हात न्हाई चुकायचा, सायेब. भाऊंना पुन्यांदा इचारा की, त्यांनीच रचल्यात." आणि माझ्याकडं वळली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. कुठला महिना होता ते अजून आठवतं. तिचा चेहरा आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नाही.

साहेबांनी तिला काढलं नाही बरं का. परत झाडलोटीला राहा म्हणाले. ज्या शेडमध्ये सहा वर्षं तिच्या हातातल्या ब्रशला कुणी शिवत नव्हतं, तिथं झाडू घेऊन फिरायला ती राहिली नाही. शनिवारी गेली ती गेलीच.

कोअर मी पुन्हा रचला. वार्निश दुसऱ्या माणसानं दिलं, मी कानशीला हात लावला नाही, आणि ट्रान्सफॉर्मर झकास चालला. म्हणजे बघा — माणूस बदलल्यावर तो चालला, हाच मावशीविरुद्धचा पुरावा झाला. साहेब मला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, मिस्त्री." मी नुसतं "जी" म्हणालो.

सांगून टाकावं असं वाटलं नाही का? वाटलं. दोन-तीनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्यांनी विचारलंही, काय काम काढलंत? मी म्हटलं, करवतीची पाती संपलीत.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी ही गोष्ट माझ्यापाशीच ठेवली असती. माणूस एकदा घसरतो, असं काहीतरी मनाशी म्हणून मोकळा झालो असतो. पण ती मला भेटली. चारेक वर्षांनी, कामशेतच्या बाजारात. मी मिरच्या घेत होतो आणि मागून हाक आली, "भाऊ! वाळला की वो लय!" तोंड चुकवायला जागाच नव्हती. तिनं माझ्या पोरांची चौकशी केली, आबांची केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी शोधत होतो, कुठं सापडेना.

मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, बरं हाय, सून आलीया. घरचं सारवण आता सूनच करते, मी हात लावत न्हाई. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई. तुमीच म्हनला व्हता न्हवं, नजर कमी झाली म्हून." आणि हसली. सुनेच्या सारवणात ठिगळं राहतात म्हणे, तरी ती गप्प बसते. आपण कोण दुसऱ्याला नावं ठेवणार?

मग ती थोडी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक इचारू का, भाऊ? तुमी सोता खोलून बगितलं व्हतं. खरंच उगडं ऱ्हायलं व्हतं का वो? मी पत्येक पत्रा उजेडाला धरला व्हता. अजून वाटतं, आसं कसं झालं."

आता मला सांगा, तिथं मला कशाची भीती होती? साहेब बदलून गेले होते. माझी नोकरी पक्की होती. ती कुठं तक्रार करणार नव्हती, भांडणारही नव्हती. बाजाराच्या गलक्यात आम्ही दोघंच होतो आणि तिला फक्त तिचा हात परत हवा होता. माझ्या एका "नाही"नं तो मिळाला असता. मग मी "नाही" का म्हणालो नाही? तिच्या नजरेतून उतरलो असतो म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं.

मी तिच्याकडं नीट बघून म्हणालो, "हो मावशी. राहिलं होतं."

तिनं मान हलवली. "तुमी सांगताय म्हंजी आसंल," म्हणाली. "दुसऱ्या कुनी सांगितलं आसतं तर पटलं नसतं."

सोनामावशी गेल्या पावसाळ्यात वारली. आपल्या हातानं चूक झाली, असं मानून गेली. तिच्या हातानं चूक झालेली नव्हती.