सात नावांचं टाचण

काल माळा आवरताना जुन्या टाचणवह्या सापडल्या. रद्दीत टाकणारच होतो, पण पंच्याण्णव सालची वही हातात उघडली आणि तिथंच बसलो...

ज्यांनी मास्तरकी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणता धडा कसा शिकवणार हे टाचणवहीत आधी लिहायचं, शिकवून झालं की शेवटच्या रकान्यात काय काय झालं ते लिहायचं आणि हेडमास्तरांची सही घ्यायची. आमच्यातले बरेच जण दोन्ही रकाने एकाच बैठकीत भरून मोकळे व्हायचे. मीही त्यातलाच.

तेव्हा मी रहिमतपूरजवळच्या एका गावात नववीला इतिहास शिकवायचो, साताऱ्याहून एसटीनं येऊन-जाऊन. पहिलं महायुद्ध आलं की पोरं पेंगायची. घराघरात फौजी, पण पुस्तकातल्या त्या लढाईला आपल्याच गावची माणसं गेली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळात बसवलेला एक दगड होता. गावातून एक्केचाळीस माणसं लढाईला गेली, एवढंच त्यावर कोरलेलं. नावं नाहीत. मी ठरवलं, पोरांनी घरोघर विचारून ती गोळा करायची. टाचणात आळीवार गट पाडले, कामं वाटून दिली आणि स्वतःवरच खूश झालो.

आठवड्यात चौतीस नावं जमली. उरलेली सात काळाच्या ओघात गेली, असं मी फळ्यापाशी उभं राहून ऐटीत सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरून सुजाता उठली. बौद्ध वस्तीतली मुलगी, एरवी फारसं न बोलणारी.

"सर, ती सात आमच्यातली हायत. आमच्या वस्तीत तुमी कुणालाच धाडलं न्हाई."

मी टाचण बघितलं. त्यात सगळ्या आळ्या होत्या, वस्ती नव्हती. मुद्दाम वगळली असती तर निदान आठवली तरी असती... मला ती सुचलीच नव्हती.

तिच्या आजोबांचे वडील त्या सातांपैकी एक. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना सातही नावं पाठ होती, पण नातीला त्यांनी ती लिहू दिली नाहीत. पोरीची वही वर्ष संपलं की चुलीत जाते, मास्तरांनी येऊन शाळेच्या वहीत लिहून घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, येत्या रविवारी नक्की येतो.

पहिल्या रविवारी घरी पाहुणे आले. सोमवारी सुजाता म्हणाली की आजोबा दिवसभर वाट बघत होते. दुसऱ्या रविवारी उंब्रजला मेव्हण्याचं लग्न. त्यानंतर तिनं विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं... जेवलो आणि झोपलो.

वस्तीत जायचं म्हणून पाय मागं घेत होतो का? तेव्हा कुणी असं विचारलं असतं तर भांडलो असतो. आज छातीठोकपणे नाही म्हणवत नाही.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, शाळेची तपासणी होती. सोमवारी बसून अपुरं टाचण पुरं केलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'ज्येष्ठ ग्रामस्थांची घरी जाऊन भेट घेतली. उरलेली सात नावे नोंदवली.' पुढच्या रविवारी जाऊन येऊ की, असा विचार. हेडमास्तरांनी लाल पेनानं सही केली.

तपासणीला आलेले साहेब टाचण वाचून खूश झाले. वर्गात आले आणि ज्यांची भेट घेतली त्यांच्या घरचं कुणी आहे का, म्हणून विचारलं. सुजाता उभी राहिली. सर घरी आले होते का, साहेबांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. "व्हय, आलते," म्हणाली आणि खाली बसली.

मला शाबासकी मिळाली. शाळा सुटल्यावर एसटी सोडली आणि तिला गाठून म्हटलं, चल, आत्ताच जाऊ आजोबांकडं. ती दप्तर आवरत होती.

"आता कशाला, सर? आजोबा मंगळवारी गेलं."

मंगळवार, बुधवार, गुरुवार ती शाळेत आली नव्हती. वर्गशिक्षक मीच. हजेरीत तिच्या नावापुढं तीन फुल्या मीच मारल्या होत्या. का आली नाही, हे तपासणीच्या गडबडीत विचारलंही नव्हतं.

तरी गेलो. तिच्या आईनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही आणि तेच सोसवेना.

"तिन्ही आयतवारी धुतलेला सदरा घालून बसलं," आई म्हणाली. "मास्तर यायचं हायत म्हणून दुपारचं आडवं पण झालं न्हाईत."

सुजाताच्या वडिलांना दोन नावं आठवली. एक त्यांच्या आजोबांचं, दुसरं शेजारच्या घरातलं. बाकी पाच त्यांना ठाऊक नव्हती. वस्तीत आणखी चार घरी विचारलं. सगळीकडं एकच उत्तर, ते म्हाताऱ्याला माहीत होतं.

टाचणात मात्र सातही नावं 'नोंदवली' आहेत, लाल सहीसकट. आणि हे लिहिणारा माणूस पोरांना इतिहास शिकवत होता.

काल ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'दोन नावे मिळाली. पाच माझ्यामुळे गेली.' वही रद्दीत दिली नाही.

सुजाता, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर... त्या दिवशी तू मला वाचवलंस, त्याचे आभार मानायचीही लाज वाटते. सगळ्या वर्गासमोर मी तुला खोटं बोलायला लावलं. आज मी सगळ्यांसमोर सांगतो.

सर आले नव्हते.