रज्जाकभाईंचं बैतं

एका गाडीला वर्षातून तीन सर्व्हिसिंग. आम्ही तिघं, तीन गाड्या आणि सात वर्षं. म्हणजे माधवनगरच्या त्या खाटेवर बसून आम्ही किती चहा प्यायलो असू, ते तुम्हीच बघा! किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही हो. गॅरेजच्या डब्यात जुने नट पडत जातात, तसे ते पडत जातात. कधीतरी डबा उचलला की कळतं, अरे, हा तर जड झाला!

आता ते गॅरेज नाही आणि रज्जाकभाईही नाहीत. किस्से मात्र मी अजून सांगते. लोक हसतात. मलाही पहिले दोन-तीन सांगताना हसू येतं, पुढचे सांगताना जरा थांबावं लागतं.

*

नव्वदच्या आसपास साताऱ्याहून बदली होऊन मी सांगलीच्या कॉलेजात आले. येताना एक सेकंडहँड पांढरी आठशे सीसीची मोटार चालवत आणली. बाई गाडी चालवतेय म्हणून रस्त्यातले लोक सायकली थांबवून बघायचे. आता हिची सर्व्हिसिंग कुठं करायची? स्टाफरूममध्ये विचारलं, तर फिजिक्सचे कदम सर आणि ग्रंथपाल जोशीकाका दोघंही एका सुरात म्हणाले, "माधवनगर. रज्जाकभाई."

गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, पुढं लिंबाचं झाड, खाली खाट. मी गाडी लावली आणि विचारलं, "एका सर्व्हिसिंगचे किती घेता?"

"म्याडम, आपुन सुट्टं काम करत न्हाई. बैतं."

मला वाटलं, थट्टा करतायत. खेडेगावात सुतार, लोहार, न्हावी यांना वर्षाचं धान्य ठरवून देतात आणि ते वर्षभर काम करतात, ते बैतं मला माहीत होतं. मोटारीला बैतं?

"माझा बाप मिरजंत नालबंद. टांग्याच्या घोड्यांस्नी नाल मारायचा, बैत्यावर. घोडी गेली, टांगं गेलं. बैतं तेवढं माझ्याकडं आलं. दसऱ्याला वर्षाचं आदी द्यायचं. मग कवाबी या. त्याल, प्लग, बिरेक, समदं माझ्याकडं लागलं."

"आणि वर्षभर गाडी बिघडलीच नाही तर?"

"मग माझं नशीब. लय बिघडली तर तुमचं!"

तिथल्या तिथं मी बैतं भरलं.

*

रज्जाकभाईंचं खरं हत्यार म्हणजे त्यांचा कान. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. जोशीकाकांची जुनी ॲम्बॅसिडर रेल्वे फाटकाजवळ आली, की इकडं हे चहाचा कप खाली ठेवायचे. "काका आलं. तिसरा टॅपेट कुरकुरतोय."

एकदा कदम सरांच्या गाडीत खडखड सुरू झाली. सरांनी आठवडाभर स्टाफरूममध्ये फळ्यावर आकृत्या काढल्या. कंपन, वारंवारता, अनुनाद! निष्कर्ष निघाला, वॉटर पंप गेला. रज्जाकभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी म्हनता ते बराबर आसंल. पर आवाज तितनं येत न्हाई."

ते मागं गेले, डिकी उघडली, स्टेपनीच्या खाली हात घातला आणि स्टीलच्या डब्याचं झाकण बाहेर काढलं. "बाईसाहेबांस्नी सांगा, झाकण घावलं."

कदम सरांनी महिनाभर फळ्याकडं पाठ करून शिकवलं!

*

आणखी एक गोष्ट होती, ती गाठ. नाल मारताना घोड्याचा पाय वर बांधून धरायला त्यांचे वडील एक गाठ मारायचे. घोड्यानं कितीही झटके दिले तरी ती सुटत नसे, पण आपण एक टोक ओढलं की लगेच मोकळी. रज्जाकभाई प्लगच्या वायरी तशाच गाठीनं एकत्र बांधायचे, गिरणीतल्या टाकाऊ सुताची दोरी वळून. काम संपलं, की शेवटी ती गाठ.

मुलगा यासीन त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आयटीआय केलेला, शांत, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्यानं गाठ मारली, की रज्जाकभाई अंगठ्यानं एक झटका द्यायचे आणि म्हणायचे, "सैल हाय." तो परत मारायचा. "सैल हाय." मी तरी "बरी झाली" असं एकदाही ऐकलं नाही.

"अहो, पोरगा चांगलं काम करतो की!" मी एकदा म्हटलं.

"करतो की. लय चांगला हात हाय तेचा," रज्जाकभाई हळूच म्हणाले. यासीन नळावर हात धुवायला गेला होता तेव्हा.

*

मग मिरज रोडला काचेचं वर्कशॉप झालं. वर्षाचे पैसे आधी भरायचे आणि कुपनांचं पुस्तक घ्यायचं. कुपन फाडलं की सर्व्हिसिंग. बसायला सोफा, समोर टीव्ही, थंडगार खोली.

स्टाफरूममध्ये कुठं जायचं यावर चर्चा झाली. कदम सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. काचेच्या वर्कशॉपला नऊ गुण, माधवनगरला दोन, त्यातला एक चहाचा. जोशीकाका उठले आणि डस्टरनं सगळा फळा पुसून टाकला.

"कुपन म्हणजे छापील बैतंच की रे! मग न छापलेलं काय वाईट आहे?"

विषय संपला. आम्ही तिघांनी माधवनगर सोडायचं नाही असं ठरलं.

यासीननं मात्र सोडलं. त्याला त्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. निळा युनिफॉर्म घालून तो पहिल्या दिवशी वडिलांना दाखवायला आला, तेव्हा मी खाटेवरच होते. रज्जाकभाईंनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कुपनावर काम करनार? कर. मग हितल्या पान्याला हात लावू नगंस."

यासीन आला तसा परत गेला आणि मिरजेत खोली घेऊन राहिला. भिंतीवरच्या खिळ्याला त्याचा रिंग पाना टांगलेला असायचा. रज्जाकभाई रोज संध्याकाळी बाकीची हत्यारं पुसताना तोही पुसायचे आणि परत टांगायचे. वापरायचे मात्र नाहीत. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. दुसऱ्याच्या घरातलं, आपण कशाला, असं वाटलं.

*

गिरणीचा भोंगा झाला की खाटेवरचा चहा हलायचा, इतका तो जवळ. रज्जाकभाई त्यावर घड्याळ लावायचे. एका दुपारी भोंगा झाला. मी कानांवर हात ठेवले, झाडावरचे कावळे उडाले. रज्जाकभाई कार्बोरेटर पुसत होते, ते पुसतच राहिले.

मिनिटभरानं त्यांनी मनगट वर केलं. "म्याडम, आज भोंग्याला उशीर झाला न्हवं?"

मी म्हणाले, "हो, झाला वाटतं."

का असं म्हणाले कुणास ठाऊक. खोटं बोलायची ती सुरुवात.

*

पुढच्या सर्व्हिसिंगला त्यांनी मला इंजिन चालू करायला सांगितलं. मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा किल्ली फिरवणार तोच बॉनेटच्या फटीतून मला ते दिसले. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला, मूठ कानाला आणि डोळे मिटलेले.

इंजिन बंद होतं. ते ऐकत होते.

मग त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. "झ्याक! आता कसा गोड आवाज हाय बगा."

मी स्टीअरिंग धरून बसून राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. त्या दिवशी घरी जाताना ब्रेक लागतायत की नाही, हे मी प्रत्येक चौकात बघत होते. त्याची मला अजून लाज वाटते.

*

शेवटी मी काचेच्या वर्कशॉपमध्ये कुपनांचं पुस्तक घेतलं. कुणाला न सांगता. पहिल्याच दिवशी त्या थंडगार खोलीत शिरले, तर सोफ्यावर पेपर उभा धरून एक गृहस्थ बसलेले. पेपर उलटा होता.

"कदम सर?"

पेपर खाली आला. कदम सर लालबुंद. "मॅडम, मी... ते... टीव्ही बघायला आलो होतो."

तेवढ्यात टॉयलेटचं दार उघडलं आणि रुमालानं हात पुसत जोशीकाका बाहेर आले. ज्यांनी फळा पुसला होता, ते जोशीकाका! आम्हा तिघांनाही कळलेलं होतं आणि तिघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं.

"त्यांना ऐकू येत नाही रे," काका एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

आमच्या गाड्या कुणाकडं होत्या? यासीनकडं. त्यानं स्वतः मागून घेतल्या होत्या. किल्ली देताना तो म्हणाला, "आब्बास्नी सांगू नगा." मग थोडं थांबून, "तेंचा खोकला हाय का अजून?"

मी म्हटलं, "आहे. तूच जाऊन बघ की."

"पान्याला हात लावू नगंस म्हनलेत," तो म्हणाला आणि कुपन फाडून दिलं.

त्यानंतर आमची एक पद्धतच पडून गेली. आधी मिरज रोडला कुपन, मग पंधरा दिवसांनी माधवनगरला बैतं. रज्जाकभाई बॉनेट उघडायचे, सगळं खोलायचे, पुसायचे, परत बसवायचे, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचे. "झ्याक आवाज हाय." आणि शेवटी गाठ. बिघाड काही सापडायचाच नाही, कारण आम्ही तो ठेवतच नव्हतो. जोशीकाका म्हणायचे, "अख्ख्या जिल्ह्यात एवढं ताजं तेल पिणाऱ्या गाड्या दुसऱ्या नसतील!" आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसाला आपण सांभाळून घेतोय, असं तेव्हा आम्हाला मनापासून वाटायचं.

*

आणि हा शेवटच्या दसऱ्याचा.

पद्धतीप्रमाणे आम्ही तिघं सकाळीच माधवनगरला गाड्या घेऊन गेलो. तिन्ही गाड्यांची कुपनाची सर्व्हिसिंग त्याच आठवड्यात झालेली. शेडला झेंडूची माळ, हत्यारांना हळदकुंकू लावलेलं. रज्जाकभाई दरवर्षी ते आमच्यासाठी करायचे. खोकल्यानं ते अर्धे झाले होते. बोललेलं तर आता अजिबात ऐकू येत नव्हतं, ओठांकडं बघून ते अंदाज घ्यायचे.

जोशीकाकांनी बैत्याचं पाकीट पुढं केलं. रज्जाकभाईंनी ते घेतलं नाही. हातानंच खूण केली, थांबा.

ते ॲम्बॅसिडरकडं गेले, बॉनेट उघडलं, आत वाकले आणि प्लगच्या वायरींवरच्या दोरीला अंगठ्यानं एक झटका दिला. मग कदम सरांच्या गाडीकडं गेले. तिथंही तसंच. मग माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी आणलाच नव्हता.

मी त्यांच्या शेजारी जाऊन आत बघितलं. इतक्या वर्षांत मिरज रोडहून गाडी आणल्यावर मी एकदाही बॉनेट उघडून बघितलं नव्हतं. आत सुताची दोरी होती. पांढरी, कोरी, याच आठवड्यात बांधलेली.

रज्जाकभाईंनी दोरीचं एक टोक ओढलं. गाठ मोकळी झाली. मग त्यांनी ती सावकाश परत बांधली आणि बॉनेट हलकेच खाली लावलं.

ते शेडमध्ये गेले. खिळ्यावरचा रिंग पाना काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"औंदाचं बैतं तेला द्या, म्याडम. आन् म्हनावं, गाठ अजून सैलच मारतोस. येताना ह्यो पाना घिऊन ये."