मागच्या खोलीचं छप्पर

"मागच्या खोलीचं हिला विचारा. पत्र्याखालीच जन्मलीय ती."

सर मराठीतच बोलले. घर बांधून घेणारं जोडपंही त्यांच्यासारखं तंजावरकडचं मराठी. तिघंही हसले. अड्यारच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर मी केलेलं त्यांच्या घराचं मॉडेल फिरत होतं.

त्या छपरांनी मला रडवलं होतं. चौपाखी छपराला व्हरांड्याचं उतरतं छप्पर भिडवायचं. एका बाजूचा उतार बदलला की दुसरीकडं फट पडायची. पुन्हा काढायचं. मागं स्वयंपाकीणबाईंची खोली होती. त्या खोलीलाही मी कौलं दिली होती.

"तिथं कौलं कशाला? पत्रा टाक," सर म्हणाले. आणि मग ते वाक्य.

नोकरीला लागले तेव्हा सरांनी गाव विचारलं होतं. लातूरकडची, मी म्हणाले. गावात कुठं? वस्तीत. तेवढं त्यांना पुरलं. त्यानंतर जेवताना माझ्या डब्यातली भाजी त्यांनी कधी घेतली नाही.

उन्हाळ्यात आमचा पत्रा तडतडायचा. धाकट्या भावाला ताप चढला की आई पत्र्यावर ओली पोती टाकायची. घटकाभरात वाळून कडक. पुन्हा भिजवायची. यात हसण्यासारखं काय होतं?

माऊसवरचा हात काढला.

"मी पत्रा टाकणार नाही, सर. आणि माझ्या जन्माचा विषय इथं काढायचा नाही."

"काय मा, थट्टा केली. खोटं बोललो काय?"

"खरंच आहे ते. म्हणून सांगते. त्या खोलीत माणूस राहणार आहे."

सरांनी माऊस ओढून घेतला. खोली निवडली, यादीतून पत्रा निवडला. एक क्लिक. लाल कौलं गेली, करडा पत्रा आला. माझ्या डोळ्यांसमोर.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. "त्या दोघांची माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

बाहेर शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली, "सॉरी म्हण आणि विषय संपव."

कुणाचा विषय? कुणी संपवायचा?

बॅग उचलली. वेस्ट मांबलमच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले तरी राग उतरला नव्हता. स्वयंपाकीणबाईंच्या खोलीला पत्रा लागलाच, नोकरीही गेली. सरांचं काहीच बिघडलं नाही.

आता मुलाखती देते आहे. गाव विचारतात. गावात कुठं, तेही विचारतात. वस्तीत, म्हणते. मोठ्यानं म्हणते. ऐकून ज्याचा चेहरा बदलेल, त्याच्यासमोरून मीच उठेन. काम येतं मला. मान खाली घालणं येत नाही, आणि ते मी शिकणारही नाही.