तिखटाच्या डब्यातलं कार्ड

महत्त्वाचे कागद आमच्याकडे, कोरीटला, तिखटाच्या डब्यात ठेवतात. तिथे उंदीर फिरकत नाही की झुरळ. माझ्या आईनेही डोळ्यांच्या शिबिराचं कार्ड तिथेच ठेवलं. तिखट तेल चोळलेलं आहे हे मात्र तिला दिसलं नाही. मोतीबिंदूमुळे दोन वर्षं तिला दिसत नव्हतंच. मला ती चपलांच्या आवाजावरून ओळखायची.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी कार्ड काढलं, तर नंबर पुसलेला आणि क्यूआरच्या चौकोनावर मधोमध लाल डाग. नोंदणीवाल्याने मोबाइल दोनदा धरला. काहीच उमटलं नाही. नोंद निघाली नाही तर ऑपरेशन नाही आणि डॉक्टर संध्याकाळी परत जाणार, असं त्याने शांतपणे सांगितलं.

आता गंमत बघा. तंत्रनिकेतनात मी वीस वर्षं हेच शिकवते. त्या चौकोनात मजकुराबरोबर काही जादा चिन्हं गणिताने बांधलेली असतात. थोडी बिघडली, तर उरलेल्यांवरून ती शोधून दुरुस्त करता येतात. डाग फार मोठा असला की मात्र गणितही हात टेकतं, हेही मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. कार्ड खिडकीच्या उजेडात सपाट धरलं, तर माझाच हात स्थिर राहीना. आईने तो चाचपून धरला.

“तू हाईज शिकाडस ना पोरेसले?”

“हां, माय.”

“मंग तुन्हा हात काब थरथरी ऱ्हायना?”

तेवढ्यात नोंदणीवाल्याने तिसऱ्यांदा धरलेला मोबाइल टिंग करून वाजला. पडद्यावर आईचं नाव, वय, गाव, डावा डोळा. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. फळ्यावर शंभरदा सोडवलेलं ते गणित मी पहिल्यांदाच खरं होताना पाहत होते. डाग पडणारच, हे धरून कुणीतरी आधीच ही आकडेमोड करून ठेवली होती. आमचं तिखट त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

“तुन्हा केस पांढरा व्हई गयात,” ती म्हणाली. “मन्हा ध्यानमा काळाज व्हतात.”

दोन वर्षं नुसत्या आवाजावरून तिने मला डोळ्यांपुढे उभं केलं होतं. त्यात एवढी एकच चूक निघाली, आणि मला रडू आवरेना.