सात शाली आणि एक किल्ली

तिचं नाव मी विसरलो. पदराला बांधलेली किल्ली मात्र लक्षात आहे. भाडं थकल्यामुळे घराबाहेर पडायची वेळ आलेल्या कुटुंबांना आमची संस्था मुकुंदवाडीत भाड्याच्या पैशांची पाकिटं वाटणार होती. त्याआधी, भर मे महिन्यात, सात पाहुण्यांना शाली पांघरवायच्या होत्या. तिसरी शाल चालू असताना मदतीच्या यादीतली ती बाई किल्ली चाचपत थेट मंचावर आली.

“सायब, घरमालक पाचला कुलूप लावायला येणार हाय. माझं पाकीट आधी द्या.”

“ताई, कार्यक्रमाला क्रम असतो,” सूत्रसंचालक म्हणाला.

“व्हय का? मग लेकरं रस्त्यावर आल्यावर माझा नंबर लावता का?”

शालींचं तबक माझ्या हातात होतं. ते खाली ठेवून मी तिचं पाकीट तिला दिलं.

“अहो, फोटो!” फोटोग्राफर ओरडला.

“घर राहिलं तर येते फोटोला,” ती दारातून म्हणाली.

दीड तासानं ती खरंच आली. पाचव्या पाहुण्याचं भाषण चालू होतं. तिनं ते थांबवून फोटो काढायला लावला. त्यात पाहुणे शालींत घामाघूम आहेत, आणि त्यांच्यापुढे तिनं घराची किल्ली उंच धरली आहे.